खटका

आजोबा गाडीखाली उताणे पडले होते, आणि नातीचे दोन अनवाणी पाय जॅकपाशी येऊन थांबले.

जॅक बिडाचा, आजोबांच्याही आजोबांच्या काळातला, संग्रहातला सगळ्यात लाडका. नवा जॅक कोपऱ्यात तसाच पडून होता. वस्तू नुसती मांडून ठेवली की ती मेली, असं आजोबांचं ठाम मत. त्यामुळे त्यांच्या गॅरेजमध्ये जुने पाने वापरायचे, जुने भोंगे वाजवायचे, पत्र्याची खेळणी फरशीवर पळवायची. आज तेल कुठून गळतंय ते बघायला चाक काढून त्यांनी जुनी मोटार त्या लाडक्या जॅकवर तोलली होती. खाली ठोकळे लावले नव्हते. एका मिनिटाचं तर काम!

"आजोबा, याला पण खटका आहे."

खटका त्यांनीच शिकवला होता. बदक असो नाहीतर माकड, आधी किल्ली पूर्ण भरायची, मग खटका दाबायचा, की खेळणं चालू. जॅकचा खटका दाबला की दांडा मोकळा होतो आणि वरचं सगळं खाली येतं.

नको म्हणायचीही सोय नव्हती. ठकीला नको म्हटलं की तिचा हात आधी तिथेच जायचा, आणि या गुणाचं चारचौघांत कौतुक करणारेही आजोबाच.

"ठके," त्यांनी आवाज जमेल तितका गोड केला, "तो मोठा भोंगा वाजव बघू. आजीला बोलाव."

भोंगा घरभर घुमला. परत घुमला.

"पुरे करा आता! कान किटले माझे!" वरून आजी ओरडली आणि तिने खिडकी लावून घेतली.

पाय परत आले. आजोबांनी टाचांवर जोर देऊन अंग ओढलं, पण कमरेचा पट्टा कशात तरी अडकला होता. हिसका मारावा तर गाडीच डुलत होती.

"या गाडीची किल्ली भरलीय का?"

"नाही गं, अजिबात नाही." आजोबा घाईघाईने म्हणाले. "आधी बदकाची भर. पूर्ण भर हं. घाई नाही."

किर्र. किर्र. आजोबांनी चाचपडत पट्टा सोडला. कपाळावर तेलाचा थेंब पडला, तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही. किल्लीच्या प्रत्येक वेढ्याला ते बोटभर सरकत होते. एवढे घाबरलेले ते स्वतःला आठवत नव्हते.

बदक डुलत डुलत गाडीखाली आलं आणि त्यांच्या बरगडीला धडकून तिथेच पाय झाडत राहिलं. ठकीने वाकून पाहिलं.

"अडकलं ते."

"असू दे. तू ते माकड घे ना, बाळा."

"नको. आता हिची पाळी."

तिचा हात वर, खटक्याकडे गेला. आजोबांनी डोळे मिटले आणि असेल नसेल तो जोर लावून अंग बाहेर फेकलं.

खट्.

फरशी हादरली. आजी जिन्यावरून धावत आली. आजोबा भिंतीला टेकून बसले होते. चष्मा आत राहिला होता.

"आजी, चालली!" ठकी टाळ्या पिटत म्हणाली. "मी चालवली!"

गाडीखाली, मघाशी आजोबांची छाती होती तिथे, बदक दबक्या आवाजात किरकिरलं आणि थांबलं.

ठकीने आजोबांचा हात धरला आणि जॅकच्या दांड्याकडे ओढला.

"आजोबा, परत भरा ना."