सत्तरपैकी पंचेचाळीस

"देतोस की नाही, एवढंच सांग," मर्ल ब्रूबेकर म्हणाला आणि त्याने खिशातून बापाचा डॉलर काढून टेबलावर ठेवला. शेजारी चेक ठेवला.

खारं प्रेट्झेल मोडता मोडता एल्वूड क्रायडरचा हात थांबला. "अरे, हा तर एमसकाकांचा! हा कशाला आणलास?"

"अदलाबदल. तुझा सतराशे पंचाण्णव सालचा मला, हा तुला. वर चेक."

"डोकं ठिकाणावर आहे का? बापाचा आहे तो, लेका!"

ठिकाणावर नव्हतंच. मार्चपासून नव्हतं. मार्चच्या बैठकीला चर्चच्या तळघरात नाणेवाल्यांचं सगळं मंडळ जमलं होतं आणि एल्वूडने तो डॉलर बाहेर काढला. मोकळ्या केसांच्या बाईचा छाप असलेला, देशाने पाडलेल्या अगदी पहिल्या डॉलरांपैकी. पारदर्शक डबीत सीलबंद, आणि डबीवर नाण्याच्या अवस्थेला तपासनिसांनी दिलेल्या मार्कांची चिठ्ठी: सत्तरपैकी पंचेचाळीस. झालं! जो तो एल्वूडच्या खुर्चीभोवती. मर्लने लांबूनच मान उंच करून चिठ्ठी तेवढी वाचली. पंचेचाळीस! त्याच्या पोटात असं काही दुखलं की कॉफी तशीच टाकून तो घरी निघून आला.

तसा मर्लकडेही त्याच सालचा एक होता म्हणा. पण त्याला मार्क पडले होते चाळीस. कितीतरी वर्षं जपला, आणि मग तो चाळीसचा आकडाच डोळ्यांत खुपायला लागला. मागच्या हिवाळ्यात त्याने तो एका व्यापाऱ्याच्या गळ्यात मारला. याहून चांगला घेऊ, म्हणाला. आणि घेतला कोणी? एल्वूडने! ज्याला डॉलर कडेने धरायचा असतो हेसुद्धा मर्लने शिकवलं, त्या एल्वूडने. एल्वूडने नवा ट्रक घेतला तेव्हा मर्ल स्वतः जाऊन पाठ थोपटून आला होता. त्याचा मका याच्यापेक्षा हातभर उंच वाढला, तेही चालवून घेतलं. पण डॉलर? छे! ते काही सोसवेना. जेवताना पंचेचाळीस, झोपताना पंचेचाळीस.

बापाचा डॉलर सतराशे नव्याण्णवचा. तंबाखूचं पहिलं पीक विकून एमसने घेतलेला. नाताळच्या सकाळी तो मर्लला हातात मिळायचा, तोही गालिच्यावर मांडी घालून, बाप समोर बसलेला असताना. बाप गेला तेव्हा त्याचं शेत भावाने घेतलं, घर बहिणीने. मर्लने एवढा डॉलर मागून घेतला होता.

"एल्वूडची जिरवायला तुला वडलांचाच डॉलर सापडला का?" निघताना बायको अर्लीनने विचारलं होतं. तो सरळ गाडीत जाऊन बसला होता.

एल्वूडने पुष्कळ नाही-नाही केलं. शेवटी कंटाळला. "मार्चपासून कान खाल्लेस माझे. घे बाबा, घे!" त्याने आतून डबी आणून मर्लपुढे सरकवली. "पण एक सांगून ठेवतो. मागे फिरायचं असेल तर आत्ता फिर. का फिरतोस ते सांग आणि एमसकाकांचा डॉलर उचल, माझी काही तक्रार नाही. दाराबाहेर गेलास की मात्र विषय संपला."

"फिरणारा मी नव्हे," मर्ल म्हणाला.

काय सुख वाटलं त्याला! आता जूनच्या बैठकीत खुर्ची त्याची, गर्दी त्याच्याभोवती, आणि हा एल्वूड मागे उभा राहून मान उंच करणार. त्याने भिंग काढलं आणि डबी उजेडात धरली.

"गंमत सांगू?" कॉफी ओतत एल्वूड म्हणाला. "बाल्टिमोरला एका व्यापाऱ्याकडे पडला होता बिचारा. तेव्हा याच्या चिठ्ठीवर चाळीस होते, चाळीस! मी म्हटलं, तपासनिसांनी हात आखडता घेतलेला दिसतोय. गॅरेजमध्ये डबी फोडली आणि दुसऱ्यांदा तपासायला पाठवला. दिले की पंचेचाळीस! नाणं तेच, बरं का."

मर्लचं भिंग बाईच्या गालावर थांबलं. गालावर तीन बारीक रेघा होत्या. वजन जास्त भरलं म्हणून टांकसाळीत कुणीतरी ठसा मारण्याआधी कानस फिरवली होती, तिच्या. मधली रेघ जराशी वाकडी. रोज जेवण झालं की टेबलावर दिवा ओढून तो याच रेघा बघत बसायचा. या रेघांसाठी त्याला भिंगसुद्धा लागलं नसतं. मार्चपासून जळून जळून कोळसा झाला होता तो, आणि तोही स्वतःच विकलेल्या डॉलरवर! एकदा, फक्त एकदा, चिठ्ठी सोडून खाली बघितलं असतं तर.

त्याने तोंड उघडलं. एक वाक्य पुरे होतं. बापाचा डॉलर हातभर अंतरावर होता. एल्वूड खो-खो हसला असता, पाठीत धपाटा घातला असता आणि डॉलर परत दिला असता, अगदी चेकसकट. मग जूनच्या बैठकीत सगळ्यांना सांगितलंही असतं.

"चाळीसचा आकडा बघून कुठल्या गाढवाने विकला असेल रे?" एल्वूडने विचारलं. "इकडचे नाणेवाले तर तुझ्या सगळे ओळखीचे."

मर्लने डबी खिशात घातली. टोपी उचलली. टेबलाकडे त्याने पाहिलंच नाही.

"नाही रे," दार उघडून बाहेर पाऊल टाकत तो म्हणाला, "माझ्या ओळखीतला नसणार."