पुसलेले भोवरे

तास सुटला आणि लातूरच्या त्या शिकवणी वर्गातून दीडशे पोरंपोरी बाहेर सांडली. मागून खडूचे हात झटकत शिवकन्या आली, तर दारात उमाशंकर सर. नांदेडला त्यांच्या हाताखाली चाललेली पीएच.डी. तिनं अर्धवट सोडली, त्याला नऊ वर्षं झाली होती.

"सर! फोन करायचा की. मीच आले असते, कशाला तकलीफ घेतली?"

सरांनी बसायच्या आधीच पिशवीतून कागद काढले. परदेशातला एक प्रयोग होता. अतिथंड, घर्षण ठाऊक नसलेल्या द्रवाचा पातळ थर आणि त्यात ढवळून उठवलेले बारीक भोवरे. ऊर्जा वाढली की ते आणखी विस्कटतील, असं कुणालाही वाटेल. इथं उलटंच झालं होतं. उजवीकडे फिरणारे सगळे एका कडेला, डावीकडे फिरणारे दुसऱ्या कडेला, असे घोळके करून बसले होते.

शिवकन्या चित्राकडे बघत राहिली. सरांना तिच्याकडे बघवेना. हेच चित्र तिनं संगणकावर सहा महिने राबून काढलं होतं. तेव्हा सर खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते. "कुठंतरी चिन्ह चुकलंय तुझं. कचरा हाय हा. पुसून टाक," म्हणाले होते. सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी हे कागदावर मांडून ठेवलं होतं. सरांनी ते वाचलं नव्हतं, एवढंच. पण पोरीसमोर तसं म्हणायला जीभ जड झाली असती ना!

"तुझं बरोबर होतं," सर म्हणाले. "चुकलो मी. लई चुकलो."

तिनं पुढचं पान उलटलं.

"त्या फायली असतील ना गं? एखाद्या जुन्या पेनड्राइव्हवर? तारखा असतात त्यांच्यावर. मी भांडतो विद्यापीठाशी. प्रबंध अजून पुरा होईल तुझा."

नांदेडहून बसमध्ये ते एवढीच एक आस धरून आले होते, की पोरीनं आपलं ऐकलं नसावं.

शिवकन्येनं कागद नीट जुळवले आणि त्यांच्या हातात परत दिले. पुढच्या तासाची पोरं आत येऊ लागली होती.

"न्हाई हो सर. त्याच दिवशी पुसल्या," ती म्हणाली. "तुमचा शब्द कधी मोडलाय का मी?"