पहिल्या ओळीतलं नाव

"सर, सोर्समध्ये कॉन्फिगरची फाईलच नाहीये. कंपाइल कसं करू?" नांदेडच्या कॉलेजातला गव्हाणे फोनवर विचारत होता. ग्रंथालयाच्या नव्या सर्व्हरवर त्याला आमचं पीएचपीचं एक्स्टेन्शन बसवायचं होतं, पुस्तकांची नावं मराठी वर्णक्रमाने लावणारं.

ती फाईल आधी एक कमांड देऊन तयार करावी लागते, एवढं मला माहीत होतं. कुठली कमांड, ते नव्हतं. दर वेळी माझी बायको हेमांगीच ती द्यायची. मी शेजारी चहा पीत बसायचो.

"तुम्हीच लिहिलंय सर, तुम्हाला तर तोंडपाठ असेल!" तो हसला.

कोडच्या पहिल्या ओळीत लेखक म्हणून माझं नाव आहे. एका परिषदेत मला वक्ता म्हणून बोलवावं म्हणून मीच ते घातलं होतं. हेमांगीने ते वाचलं आणि तसंच राहू दिलं. जूनमध्ये ती वारली, तरी मी ओळ बदलली नाही.

"गव्हाणे, त्यातलं अक्षरही माझं नाही. सगळं माझ्या बायकोने लिहिलंय." फोनवर असूनही माझी मान खाली गेली.

तो आदराने म्हणाला, "मॅडमना विचारता का, सर? मी थांबतो लाइनवर."