पुढची सीट

पुढची सीट आजही कुसाबाईंनाच मिळाली. जावयानं, अश्विननं, दार उघडून धरलं, सीट मागं सरकवून दिली, काच किती खाली ठेवू तेही विचारलं. त्याची स्वतःची आई, विमलाबाई, मागं बसल्या. मांडीवर डब्यांची पिशवी, पायाशी पाण्याचा कॅन. शेजारी सून संजना, ती तर गाडी सुरू होताच झोपली.

दमणच्या वाटेवर पेठचा घाट उतरेपर्यंत विमलाबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. दोन महिन्यांपूर्वी कुसाबाईंचे यजमान गेले. विंचूरच्या घरात त्या एकट्याच उरल्या, म्हणून अश्विन सासूला नाशिकला घेऊन आला. आता इथंच राहायचं, असं परस्पर सांगूनही टाकलं. तेव्हापासून पहिला चहा विहिणीला, तव्यावरची पोळी विहिणीला. विमलाबाईंना हेवा वाटत होता, आणि या वयात हेवा वाटतो म्हणून स्वतःचा रागही येत होता. पण त्यांचं ठरलं होतं. दमण बघून घरी पोचलं, की लेकाला स्वच्छ सांगायचं. हिला हिच्या दिराकडं पाठव, एका घरात दोन आया नकोत.

दमणला नदीच्या मुखाशी जुना किल्ला आहे. त्याच्या पायऱ्या चढताना अश्विननं सासूचा हात धरला आणि आईला पिशव्या नीट धरायला सांगितलं. धक्क्यावर नारळपाणी घेतलं. पहिलं शहाळं सासूला. स्वतःचं अर्धं पिऊन झाल्यावर उरलेलं त्यानं आईच्या हातात दिला. पलीकडच्या काठावर जुनं चर्च होतं, दीपगृह होतं. विमलाबाईंना त्यातलं काही धड दिसलं नाही. त्या दिवसभर विहिणीकडंच बघत होत्या.

दुपारी किनाऱ्यावर नवराबायको पाण्यात उतरले. जाताना पाकीट, मोबाइल, पर्स, चपला, टॉवेल, सगळं विमलाबाईंच्या पुढ्यात टाकून गेले. कुसाबाईंसाठी मात्र खुर्ची भाड्यानं आणली. कुसाबाई चपला उचलायला वाकल्या, तर संजनानं आपल्या आईला अडवलं. तू बस निवांत, म्हणाली. विमलाबाईंना निवांत बसा असं कुणी म्हणालं नाही. त्या वाळूत पिशव्या राखत बसल्या.

मग विमलाबाईंना राहवलं नाही.

"मजा आहे विहीणबाई तुमची. सकाळपासून काडी उचलावी लागली नाही."

कुसाबाईंनी पाण्यातल्या लेकीकडं बोट दाखवलं.

"दोन महिने झाले ताई. पोरगी कप बी विसळू देत नाय. जावई तर उभ्या उभ्या हातात पाणी देतात. पाहुण्याचं असंच असतं. तुमच्यापुढं कसं, न विचारता सगळं टाकून गेले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मी आपली बॅग भरूनच ठेवलीय. लय दिवस कुणाकडं राहू नये."

विमलाबाईंनी पुढ्यातल्या चपलांची वाळू झटकली. लेकाला सांगायचं वाक्य सकाळपासून तयार होतं, ते आता तोंडात आणायची लाज वाटली.

कुसाबाई खुर्चीतून उठल्या आणि त्यांच्याजवळ वाळूत येऊन बसल्या.

"एखादी पिशवी माझ्याकडं द्या ना."

विमलाबाईंनी पुढ्यातल्या पसाऱ्यातून सगळ्यात जड पिशवी शोधली आणि विहिणीच्या मांडीवर ठेवली.

"धरा," त्या म्हणाल्या. "आणि उद्यापासून सकाळचा चहा तुम्ही टाकायचा."