कोरा ठेवलेला रकाना

केरकरांनी दोन कपांत चहा ओतला. त्यांच्या काजूच्या कारखान्यात बी फोडण्यापासून डबे भरण्यापर्यंत सगळं यंत्रंच करायची. गाव कधीच रिकामं झालं होतं. परदेशातून कामगार आणायचा परवाना मिळावा म्हणून केरकर दरवर्षी अर्ज करत. यंत्राला न जमणारं काम असेल तरच तो मिळे, आणि तपासणीला माणसानेच यायचं, असा कायदा होता.

तपासणी अधिकारी शलाकाबाईंनी अर्ज चाळला. "काका, सलग सहाव्या वर्षी 'कामाचं स्वरूप' कोरं! म्हणजे अर्ज नामंजूर, आणि पुढच्या वर्षी मी परत इथे."

"विसरलो बघा," म्हणत केरकरांनी काजूची बशी पुढे सरकवली.

"यंदा विसरू नका. कायदा बदललाय, पुढच्या वर्षीपासून तपासणीलाही यंत्रच येणार आहे."

केरकरांचा हात बशीवरच राहिला. शेडमधून बिया फुटल्याचा एकसुरी आवाज येत होता. त्यांनी पेन उचललं आणि रकान्यात लिहिलं, 'दुपारी चार वाजता चहा. समोर बसून.'

शलाकाबाईंनी ते दोनदा वाचलं. मग 'मंजूर'चा शिक्का मारला आणि आपला रिकामा कप पुन्हा पुढे केला.