लाल ठिपका

भावाला तिनं दुकानाबाहेरच थांबवलं. आत आला तर तो नाण्यांच्या पारख्याला डोळ्यांनी खुणावेल, अशी तिला धास्ती होती.

पारख्यानं नाणं दिव्याखाली धरलं, उलटंसुलटं केलं आणि भिंग न मिटताच म्हणाला, "टाकसाळीतली चूक नाही ही, ताई. झीज आहे."

बाबा तर जन्मभर सांगत आले होते, की अशी दुहेरी अक्षरं लाखात एखाद्याच नाण्यावर उमटतात. ते गेल्यावर नाणं भावाकडे राहिलं. परवा त्यानं ते आपणहून तिच्या हातावर ठेवलं. दाखवून आणलं, साधंच निघालं, तुला हवं तर ठेव, म्हणाला. इतक्या सहजी कोण काय सोडतं?

पारखी समजावून सांगू लागला. झिजतो तो नाणी पाडायचा ठसा. आपटून आपटून थकला, की अक्षरांच्या कडा फुगतात, पसरतात, शेजारी सावली पडल्यागत दिसतं. ठसाच दुहेरी कोरला गेला असता, तर दोन्ही अक्षरं सारखीच ठसठशीत उठली असती. त्यानं कपाटातून तसं एक नाणं काढून शेजारी ठेवलं. तिनं भिंगातून आधी ते पाहिलं, मग आपलं. फरक लपण्यासारखा नव्हता.

"बाबांचं ह्या तुमच्या नाण्यासारखंच असणार," ती हलक्या आवाजात म्हणाली. "भावानं बदललंय."

काही खूण आठवते का, असं पारख्यानं विचारलं. आठवत होती. शाळेत असताना तिनं आईच्या नेलपॉलिशचा ठिपका एका आकड्याच्या पोटात लावला होता. भाऊ नाणं लांबवेल, असं तिला तेव्हाही वाटायचं.

पारख्यानं मोठं भिंग काढलं. बराच वेळ बघितलं आणि मग नाणं, भिंग दोन्ही तिच्याकडे सरकवलं. आकड्याच्या पोटात लाल कण होता.

तिनं डोळा वर केला नाही.

"असा ठिपका नव्यानं लावता येतो?"

"येतो की. पण तुम्ही तो लावला होता, हे भावाला माहीत होतं?"

"कुणालाच नव्हतं."

 आपलं नाणं उचलून पारख्यानं कपाटात ठेवलं.

ती बाहेर आली तेव्हा भाऊ स्कूटरवर बसून होता. तिला बघताच तो सावरून बसला. निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखं त्याचं तोंड झालं होतं.

"काय म्हणाले गं?"

"नक्की सांगता येत नाही म्हणाले."

"मग दुसरीकडे दाखवू या," तो म्हणाला आणि तिला नीट बसता यावं म्हणून पुढे सरकला.