गार बाटली

बाटलीचं झाकण काढून फार्मासिस्टने वास घेतला आणि बाटली उजेडात धरली. तळाशी औषधाचा घट्ट गाळ बसला होता, वर नुसतं पिवळट पाणी. कितीही हलवलं तरी एकजीव होईना. मोठ्या माणसांच्या गोळ्या खलून, पातळ करून हे औषध त्यानेच इस्पितळाच्या तळघरात बाळासाठी बनवलं होतं. आता बाळ वरच्या वॉर्डात होतं. या औषधाने थांबलेले झटके पुन्हा सुरू झाले होते.

खिडकीपलीकडे बाळाची आई उभी होती.

“फ्रिजमध्ये नव्हती ठेवली?” त्याचा आवाज नको तितका चढला.

“ठेवली होती की! दारात नाही, तिथे सारखी उघडझाप होते म्हणून अगदी आत. सासूबाईंनाही हात लावू दिला नाही.”

“मग बाहेर बराच वेळ राहायची का?”

“छे! काढली की लगेच द्यायचे. म्हणजे, जरा कोमट करून. एवढं गारढोण लेकराला कसं पाजायचं? बाटली उकळत्या पाण्यात धरायची, गारठा मोडला की चमचाभर पाजायचं, नि परत फ्रिजमध्ये.”

“अख्खी बाटली? दर वेळी?”

“एकदाही चुकवलं नाही.” त्याने बाटली खाली ठेवली, तेव्हा तिने हळूच विचारलं, “त्यानं बिघडलं का हो?”

खोटं अगदी त्याच्या ओठांवर आलं. स्वतःच्या लेबलांचा त्याला भारी तोरा. या बाटलीवरही त्याने झोकदार अक्षरात लिहिलं होतं: फ्रिजमध्ये ठेवा, हलवून द्या. गरम करू नका, एवढं लिहायला कितीशी शाई लागली असती? पण औषध कोणी शेकेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

“हो,” तो म्हणाला. “पण सांगायचं माझ्याकडून राहिलं, ताई. चूक माझी.”

“पाजलं तर मीच ना,” ती म्हणाली.

संध्याकाळी त्याने नवी बाटली फ्रिजमधून काढून वॉर्डात न्यायला तिच्या हाती दिली. लेबलवर ते तीन शब्द ठळक लिहिले होते. तिने सवयीने बाटली दोन्ही तळव्यांत घेतली, छातीशी धरली आणि एकदम दचकली.

मग झाकण दोन बोटांत पकडून, हात ताठ करून, बाटली अंगापासून लांब धरत ती जिना चढू लागली.